डेकवरची जपानी चूल

अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग, सुवानी या बाजूला तुम्ही जुनं घर विकत घेतलं असेल, तर घराबरोबर एक जडशीळ पाहुणा तुम्हाला फुकट मिळालेला असू शकतो. मागच्या डेकच्या कोपऱ्यात, उन्हाने चिरफाळलेल्या काळ्या कव्हरखाली उभं असलेलं हिरवं अंडं. आधीच्या मालकांनी सोफे नेले, टीव्ही नेला, भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटून नेले. हे मात्र सोडून गेले, कारण मोठ्या आकाराच्या अंड्याचं वजन 160 पौंडांच्या घरात जातं. तुम्ही उत्साहाने झाकण उघडलंत. आत पांढरी-हिरवी बुरशी, पावसाचं पाणी पिऊन सिमेंटसारखी घट्ट झालेली राख, गंजाने लाल झालेली जाळी आणि झाकणाच्या कडेला लोंबणारी काळी चिंधी. झाकण लगेच बंद झालं. पुढच्या शनिवारी कचरेवाल्याला फोन करू, असं घरात ठरलं, आणि तो शनिवार अजून यायचा आहे.

तो फोन एवढ्यात करू नका. डेकवरची ही वस्तू म्हणजे यंत्र नव्हे. तिच्यात वायर नाही, गॅसची नळी नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. ती भाजलेल्या मातीची चूल आहे. आणि मातीच्या चुलीबद्दल आपल्याला नाही तरी आपल्या आजीला बरंच ठाऊक होतं. ही चूल इथे कशी आली ते कळलं, की ती साफ करताना काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही, हेही निम्मंअधिक कळतं. म्हणून आधी इतिहास, मग बाह्या वर सारायच्या.

चूल वेगळी मांडणारा आणखी एक देश

अमेरिकेत हिला सगळे 'कमाडो' म्हणतात. आपल्याकडे देवनागरी आहे, तेव्हा मूळ उच्चार लिहायला हरकत नाही: कामादो. जपानी भाषेत त्याचा साधा अर्थ चूल. 'कामा' म्हणजे भात शिजवायचं खोल, जड भांडं. ते ज्यावर बसतं तो कामादो. साधारण पाचव्या शतकात ही चूल कोरियाच्या बाजूने जपानमध्ये पोचली. त्याआधी तिथल्या घरांत जमिनीच्या मधोमध उघडी आग असे. कामादो भिंतीला लागून बांधला जाई आणि धुराला बाहेर जायची वाट ठेवलेली असे. म्हणजे आग पहिल्यांदाच मातीच्या भिंतींत कोंडली गेली, आणि थोड्या लाकडात जास्त काम होऊ लागलं.

इसवी सन 720 मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या जपानी इतिहासग्रंथात निन्तोकू सम्राटाची एक गोष्ट आहे. सम्राट उंचावरून आपली नगरी न्याहाळतो, तर घरांवर धूर दिसत नाही. चुलीच पेटत नाहीत, म्हणजे लोकांच्या घरात शिजवायला काही नाही, असं ओळखून तो तीन वर्षं कर माफ करतो. इतिहासकार या गोष्टीला दंतकथाच मानतात. पण राज्य कसं चाललंय हे चुलीच्या धुरावरून बघायचं, ही कल्पना आपल्या कानाला परकी वाटत नाही.

त्याहून जवळची गोष्ट भाषेत आहे. जपानीत 'कामादो वाटून घेणे' असा एक वाक्प्रचार आहे. अर्थ: घरातल्या मुलाने वेगळं बिऱ्हाड थाटणे. आपण म्हणतो 'चूल वेगळी मांडली'. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी कुटुंब मोजायचं माप दोघींनी एकच धरलं. तिथेही चुलीला देव आहे, चुलीजवळ त्याच्या नावाचा कागद लावतात. इथे आपल्या आज्या सणावारी चुलीला हळदकुंकू वाहायच्या. आपल्या दुसऱ्या पिढीच्या वाचकांसाठी एक खुलासा: 'चूल वेगळी झाली' हे वाक्य आजी ज्या स्वरात म्हणते, तो स्वर आनंदाचा नसतो.

आता तुमच्या डेकवरचं अंडं. ते या मोठ्या बांधीव कामादोचं थेट वंशज नाही. त्याच्या एका फिरत्या भावंडाचं आहे. त्याचं नाव मुशिकामादो, म्हणजे वाफवायची चूल. गोल, मातीची, उचलून दुसरीकडे ठेवता येईल अशी. खाली हवेसाठी छोटं दार, वर घुमटासारखं झाकण, झाकणाला वाफ आणि धूर सोडायचं भोक. आत कोळसा पेटवायचा, भाताचं भांडं बसवायचं, भात उकळला की झाकण आणि दोन्ही वाटा बंद करायच्या. आग गुदमरून विझते आणि तापलेली माती उरलेला भात शिजवते. मूल रडलं तरी भाताचं झाकण उचलायचं नाही, अशी शिकवण जपानी आया मुलींना देत आल्या आहेत. या चुलीत ती शिकवण अक्षरशः भाजून बसवली होती.

1945 ते 1952 या काळात जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता. तिथे असलेल्या सैनिकांनी ही चूल पाहिली. तांदळात त्यांना रस नव्हता. झाकणाखाली मांस भाजलं तर ते कोरडं पडत नाही, हे मात्र त्यांच्या चटकन लक्षात आलं. परत येताना काहींनी ती सामानात टाकली. चिनीमातीच्या बाहुल्या, किमोनो, आणि एक मातीची चूल.

इथे इतिहासाची एक गंमत आहे, आणि थोडी खंतही. अमेरिकेत ही चूल पाय रोवत होती, त्याच सुमारास तिच्या माहेरी तिची गरज संपत होती. युद्धानंतर जपानात घराघरांतल्या धुरकट चुली सुधारण्याची मोहीम चालली होती. मग 1955 च्या डिसेंबरमध्ये तोशिबाचा विजेवर चालणारा राइस कुकर बाजारात आला. तो बनवणारे योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून तो पारखला होता. बटण दाबलं की भात तयार. मध्यरात्री उठून कोळसा फुंकायला नको. जपानी बाईला त्या बटणाने किती झोप परत दिली असेल, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. चूल गेल्याबद्दल हळहळणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझं निरीक्षण जपानलाही लागू पडेल असा मला संशय आहे. काही का असेना, मुशिकामादो जपानी घरांतून गेला. आज तो तिथल्या डेकांपेक्षा जॉर्जियातल्या डेकांवर जास्त सहज सापडतो, भले नाव आणि रंग बदलून.

पाचिंको आणि अटलांटा

त्या वेळी अमेरिकी परसात काय होतं? कोळसा होता. हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या लाकडी भागांचा भुसा आणि तुकडे वाया जात. त्यांच्यापासून 1920 च्या दशकात मिशिगनमध्ये कोळशाच्या वड्या बनू लागल्या आणि फोर्डच्या मोटारींच्या दुकानांतून त्या विकल्या गेल्या. किंग्जफर्ड हे नाव तिथूनच आलं. भट्टीही होती: 1952 मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीव्हन यांनी समुद्रातल्या तरंगत्या लोखंडी बोयाचे दोन भाग करून झाकणाची गोल ग्रिल बनवली, तीच पुढे वेबरची केटल झाली. पण ती पत्र्याची. पत्रा पटकन तापतो आणि पटकन निवतो. मातीची गोष्ट निराळी.

1974 मध्ये एड फिशर या गृहस्थांनी अटलांटामध्ये एक दुकान काढलं. दुकानात मुख्य माल होता पाचिंकोची यंत्रं, म्हणजे लोखंडी गोळ्या उसळत खाली येतात तो उभा जपानी खेळ. त्या वर्षांत अमेरिकेत त्याची हौस होती. त्यांच्याबरोबर थोडे कामादो. गिऱ्हाइकाला आत ओढण्यासाठी फिशर दुकानासमोर एक कामादो पेटवून त्यावर चिकन भाजत, असं सांगतात. वासाने जे आत आले ते यंत्राऐवजी चूल घेऊन बाहेर पडू लागले. पाचिंकोची लाट ओसरली, चूल राहिली. रंग हिरवा, आकार अंड्याचा, म्हणून नाव 'बिग ग्रीन एग'.

सुरुवातीच्या त्या चुली साध्या मातीच्या होत्या. चार-दोन वर्षं आच आणि पाऊस खाल्ला की तडकायच्या. पुढे कंपनीने जास्त उष्णता सोसणारं सिरॅमिक वापरायला घेतलं, आणि आताची हिरवी अंडी मेक्सिकोतल्या मोंतेरे शहरात बनतात. म्हणजे जपानी नाव, अमेरिकी मालक, मेक्सिकन माती, आणि डेक आपला. सिरॅमिकचा विषय निघाला की अंतराळयानांची नावं घेतली जातात; त्याकडे कानाडोळा केला तरी भाजलेल्या वांग्याच्या चवीत फरक पडत नाही.

विक्रेते आणखी एक गोष्ट सांगतात: 'तीन हजार वर्षांची परंपरा'. ती जरा तपासून घ्या. मातीत आग कोंडणं फार जुनं आहे यात शंकाच नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं आणि त्यांतल्या भट्ट्या मिळाल्या आहेत. तेव्हा तसंच मोजायचं झालं तर परंपरेचा दावा शिरूरकरही करू शकतील. पण घुमटाचं झाकण, खाली एक दार, वर एक झडप, आणि दोन्ही बंद करून आग विझवता येईल अशी ही विशिष्ट चूल अलीकडची आहे. जुन्यापणासाठी तिला उसन्या वयाची गरज नाही.

वारा, राख आणि बंब

काम सुरू करण्याआधी ही चूल चालते कशी ते बघा. तुमच्यापैकी ज्यांच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. बंबात खाली जाळी, जाळीखाली राखेचं दार, मधून वर जाणारं धुराडं. नरकचतुर्दशीला पहाटे बंब धुमसायला लागला की कुणीतरी ओरडायचं, "अरे, खालची राख काढ आधी!" राख निघाली की वारा खालून वर खेचला जाई आणि कोळसे रसरशीत होत. अंड्यात तेच आहे. खालच्या दारातून हवा शिरते, आतल्या मातीच्या कुंडात कोळसा असतो, वरच्या झडपेतून धूर जातो. दोन्ही वाटा किलकिल्या ठेवल्या तर 225 अंश फॅरनहाइटवर बारा-चौदा तास धिम्या आगीवर काम चालतं. दोन्ही मोकळ्या सोडल्या तर 700 अंशांपर्यंत मजल जाते. सगळं नियंत्रण हवेचं. म्हणून अंड्याचे बहुतेक आजारही हवेचेच असतात: कुठेतरी राखेने वाट अडलेली असते, नाहीतर नको तिथून हवा शिरत असते.

फरक एवढाच, की बंब पातळ तांब्याचा आणि पाण्याने वेढलेला, तर अंडं जाड मातीचं. ही माती आतून बिनझिलईची, म्हणजे सच्छिद्र. बाहेरून काचेसारखी हिरवी झिलई, आतून माठ. हे वाक्य लक्षात ठेवलंत तर साफसफाईत चूक व्हायची नाही. माठ कुणी डिशवॉशिंग लिक्विडने घासतं का? घासलाच, तर पुढचे दोन महिने पाण्याला लिंबाचा वास. अंड्याच्या आतल्या बाजूला साबण, ओव्हन क्लीनर, ब्लीच यांतलं काहीही लावायचं नाही. माती ते पिते आणि तापल्यावर तुमच्या जेवणात सोडते. पाण्याचा पाइप तर आत घालूच नका.

आता बाह्या सारा

आधी पारख. माठ घेताना बोटाने वाजवून बघतात, तसं घुमटावर आणि खालच्या भागावर ठिकठिकाणी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर माती शाबूत. एखाद्या जागी भद्द आवाज आला तर तिथे तडा शोधा. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतील. त्यांना घाबरू नका, त्या फक्त झिलईच्या असतात. पण घुमटाला किंवा तळाला आरपार गेलेला तडा, ज्यातून टॉर्चचा उजेड पलीकडे दिसतो, तो मात्र गंभीर. तसं असेल तर अंड्यावर कष्ट करण्यात अर्थ नाही. त्यात फुलझाड लावा. आतलं कोळशाचं कुंड तडकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. त्याचे तुकडे जागच्या जागी उभे राहत असतील तर ते तसंच वापरा. फार झालं तर तेवढा भाग नवा मिळतो.

मग बिजागरी आणि पट्टे. घुमट आणि तळ यांना लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं असतं. वर्षानुवर्षांत नट सैल होतात, आणि एक दिवस पिझ्झा काढताना घुमट पट्ट्यातून निसटून खाली येतो. वाचवता येण्यासारखी जितकी अंडी फुटतात, त्यांतली बरीच अशी फुटतात, आगीने नव्हे. म्हणून झाकण नेहमीसारखं उघडण्याआधी पाना घेऊन नट आवळा. गंजून जाम झाले असतील तर गंजावरचं तेल सोडून रात्रभर ठेवा. पट्टाच बदलायचा असेल तर दोन माणसं हवीत: एकाने फक्त घुमट धरायचा, गप्पा मारायच्या नाहीत. अंडं हलवायचं तर आतले सगळे भाग आधी बाहेर काढा आणि खालून उचला. बिजागरीला धरून कधीही नाही.

आता आतला माल. हातमोजे आणि एन-95 मास्क घाला. बुरशी आलेला जुना कोळसा सरळ कचऱ्याच्या पिशवीत. कोळसा महाग पडतो, तरी तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. जाळी काढा, वरचं मातीचं कडं काढा, कुंड दोन्ही हातांनी अलगद उचला. कुंड आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या फटीत राख साचलेली असते. बंद पडलेल्या अंड्यांचं निम्मं दुखणं या फटीत असतं, आणि कुंड न उचलणाऱ्याला ते कधी दिसत नाही. ओली होऊन घट्ट बसलेली राख लाकडी उलथन्याने खरवडा. खालच्या छोट्या जाळीची भोकं एकेक करून मोकळी करा. कुंड परत ठेवताना त्याच्या पायातली खिडकी बाहेरच्या दारासमोर आली आहे ना, ते वाकून बघा.

यानंतर अधीर होऊ नका. जॉर्जियाच्या दमट हवेत बंद पडून राहिलेली माती भिजलेली असते. ती एकदम तापवली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला धडपडते आणि माती तडकते. कुंभारही कच्चं मडकं सावलीत सुकवल्याशिवाय आव्यात घालत नाही. कोरड्या हवेचे दोन-तीन दिवस बघा, झाकण उघडं ठेवा, रात्री झाका. मग मूठभर कोळसा पेटवून तासभर 200 ते 250 अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी मोठी आग: कुंड भरून लाकडी कोळसा घाला, तापमान हळूहळू चढवा आणि 600 अंशांच्या आसपास तासभर राहू द्या. वड्यांऐवजी लाकडी कोळसा एवढ्यासाठी, की त्याची राख कमी होते आणि वाट अडत नाही. पेटवायला द्रव इंधन मात्र अजिबात नको, माठाचा नियम इथेही लागू. दोन्ही वाटा बंद करून अंडं रात्रभर निवू द्या. सकाळी आत बघाल तर बुरशी, तेलकट थर, आदल्या मालकाच्या दहा वर्षांच्या मेजवान्या, सगळ्याची भुकटी झालेली असेल. ती ब्रशने झाडून काढली की झालं. भिंतीवर थोडा काळपटपणा राहिला तर राहू द्या.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो आपल्या घरांत हमखास येतो. ज्या चुलीवर दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं नको ते भाजलं, ती शाकाहारी घरात चालेल का? रसायनशास्त्राचं उत्तर सोपं आहे: 600 अंशांना चरबी आणि मांसाचे अंश जळून जातात, मागे राहिलंच तर राख आणि काजळी. आजीचं उत्तरही त्याहून वेगळं नाही; तिच्या शुद्धीच्या यादीत अग्नी पहिल्याच ओळीत आहे. तरीही कुणाच्या मनात किंतु राहत असेल, तर नवी जाळी आणा. ती फार महाग नसते, आणि सासूबाई डेकवर निवांत बसणार असतील तर त्या पैशांचं चीज होतं.

मोठी आग पेटवताना एक सावधगिरी बाळगाच. कोंडलेली आग हवेसाठी आसुसलेली असते. झाकण एकदम उघडलंत तर ज्वाळा भसकन बाहेर येते आणि हातावरचे, भुवयांचे केस घेऊन जाते. आधी दोन इंच उचला, पाच सेकंद थांबा, तिला श्वास घेऊ द्या, मग उघडा. आणि थंडी वाजते म्हणून अंडं गराजमध्ये ओढून पेटवायचं नाही. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो माणसं मारतो. लाकडी डेकवर किंवा लाकडी टेबलात अंडं थेट टेकवूही नका. खाली दगडी फरशी आणि हवेसाठी थोडी जागा हवी.

झाकणाच्या कडेची ती लोंबणारी चिंधी म्हणजे गॅस्केट. कुकरची रिंग जे काम करते तेच हिचं काम. मोठ्या आगीत जुनी गॅस्केट उरलीसुरली जळून जाईल, म्हणूनच ती आधी बदलायची नाही. आग आधी, गॅस्केट नंतर. हा क्रम उलटा करणारे नवीन गॅस्केट दुसऱ्याच दिवशी जाळून बसतात. उरलेला थर पट्टीच्या सुरीने खरवडा, चिकटपणा ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा, आणि ॲसिटोन पूर्ण उडून जाईपर्यंत आसपास काडीही ओढू नका. नवी पट्टी न ताणता चिकटवा, झाकण बंद करून एक रात्र दाबून ठेवा. पहिले चार-पाच स्वयंपाक 350 अंशांच्या खाली करा, म्हणजे डिंक धरेल. ती नीट बसली का हे पाहायला एक डॉलरची नोट झाकणाच्या फटीत धरून झाकण लावा आणि नोट ओढा. सगळीकडे सारख्या अडचणीने निघाली पाहिजे. एखाद्या जागी सुळकन आली तर तिथून हवा शिरते आहे; पट्टे थोडे सैल करून घुमट सरळ बसवा.

जाळी बिडाची असेल तर तिची काळजी तुम्हाला माहीतच आहे, फक्त तव्याऐवजी जाळी. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर यात अर्धा तास ठेवा, घासा, धुवा, लगेच आचेवर कोरडी करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि तापवा. असं तीन-चारदा केलं की काळी तुकतुकी येते. थर्मामीटर घुमटातून काढून त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. पुस्तकात पाणी 212 अंशांना उकळतं. अटलांटा समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, तेव्हा आपल्याकडे 210 दिसलं तर थर्मामीटर बरोबर आहे. त्याच्या मागचा नट फिरवून काटा जुळवता येतो.

बाहेरची हिरवी झिलई काय, ओल्या फडक्याने आणि थोड्या साबणाने पुसा. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे परागकण तिच्यावर पुन्हा बसणारच आहेत.

पहिल्यांदा काय करायचं? शेजारी बीफ ब्रिस्केट सुचवतील. माझं ऐकाल तर भात करा. जाड बुडाच्या झाकणाच्या बिडाच्या भांड्यात तांदूळ आणि पाणी, 350 अंश, उकळी आली की दोन्ही वाटा बंद, आणि मूल कितीही रडलं तरी वीस मिनिटं झाकण उचलायचं नाही. ही चूल जन्माला आली ती याच कामासाठी. त्यानंतर उरलेल्या धगीवर चार वांगी आणि मक्याची कणसं ठेवून द्या. दोन्ही वाटा बंद केल्यावर न जळालेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. थोडीशी राख निघेल ती पूर्ण थंड झाल्यावर मेथीच्या वाफ्यात टाका. इथली लाल माती आंबट असते, तिला राख मानवते. अझेलिया आणि ब्लूबेरीच्या मुळाशी मात्र टाकू नका, त्यांना तो आंबटपणाच हवा असतो.